भारताच्या मुलींचा फुटबॉल : निकालांची वही कशी ठेवाल?

२०२२ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकात भारत तीन सामने खेळला, तिन्ही हरला, एकही गोल केला नाही आणि १६ गोल खाल्ले. एवढं एका दमात सांगितलं की ऐकणारा मान हलवतो आणि विषय तिथेच मिटतो. मला तो तिथे मिटू द्यायचा नाही.

मी शहादा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवते. आमच्या संघातल्या बऱ्याच मुली सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येतात. घरी पावरी, बाजारात अहिराणी आणि वर्गात मराठी बोलतात. त्यांच्यासाठी आम्ही शाळेत राष्ट्रीय संघाच्या निकालांची वही ठेवतो. ती कशी ठेवायची ते इथे सविस्तर लिहिते. कुठल्याही शाळेला, गावातल्या मंडळाला, अगदी एकट्या मुलीलाही जमेल असं काम आहे. नुसते आकडे मोबाइलवर मिळतात. ते वाचायचे कसे, हे मात्र स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय कळत नाही. खाली जे निकाल दिले आहेत ते २०२५ अखेरपर्यंतचे आहेत. पुढचे तुमच्या हाताने चढवा.

वही आडव्या, लांब पानांची घ्या. व्यापारी हिशेबाला वापरतात तसली जाड पुठ्ठ्याची खतावणी उत्तम, कारण तिची शिवण टिकते. समोरासमोरची दोन पानं मिळून एक तक्ता करा. डाव्या पानावर तारीख, ठिकाण, स्पर्धा, फेरी आणि प्रतिस्पर्धी. उजव्या पानावर हाफटाइमचा स्कोअर, शेवटचा स्कोअर, गोल कोणी आणि कितव्या मिनिटाला केला, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. आणि एक विनंती : जिंकलेला सामना हिरव्या शाईने, हरलेला लाल शाईने असं करू नका. लाल ओळी दिसल्या की मुली त्या वाचतच नाहीत, पान उलटतात. सगळं एकाच निळ्या पेनाने लिहा.

आता मुख्य गोष्ट. मोठ्यांच्या संघात तीच खेळाडू दहा-दहा वर्षं खेळू शकते, म्हणून ‘भारताची आजवरची कामगिरी’ असं म्हणण्याला अर्थ असतो. १७ वर्षांखालील संघात तसं नाही. २०२२ च्या विश्वचषकासाठी मुलीचा जन्म १ जानेवारी २००५ ते ३१ डिसेंबर २००७ या काळातला हवा होता. २०२५ मध्ये झालेल्या आशियाई पात्रता सामन्यांसाठी २००९ किंवा त्यानंतरचा. म्हणजे २०२२ च्या संघातली एकही मुलगी २०२५ च्या संघात असूच शकत नव्हती. ते १६ गोल नव्या मुलींच्या नावावर मांडायचं काही कारण नाही. म्हणून वहीचे भाग वयोगटाप्रमाणे न करता जन्मसालाप्रमाणे करा. २००३-०४ ची तुकडी, २००५ ते ०७ ची तुकडी, २००९ पासूनची तुकडी. एक तुकडी पुढे २० वर्षांखालील संघात गेली की तिचे सामने तिच्याच पानांवर पुढे चालू ठेवा.

असं केल्याने आणखी एक घोळ टळतो. वयोगटांची नावं सारखी बदलत आली आहेत. दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धा मुलींसाठी कधी १५ वर्षांखालील होती, कधी १६, कधी १७. वरचा गट कधी १८, कधी १९. आशियाई स्पर्धाही आधी १६ वर्षांखालील म्हणत, आता १७ म्हणतात. नावाच्या मागे लागलात तर एकाच स्पर्धेची तीन पानं होतील. जन्मसाल मात्र बदलत नाही.

बदलत नाही म्हणते खरी, पण आपल्याकडे तेही जपावं लागतं. शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की १ जून लिहून मोकळं व्हायची पद्धत खेड्यापाड्यांत जुनी आहे. माझ्या हजेरीपटावर १ जूनचे वाढदिवस अजूनही बरेच आहेत. निवड चाचणीला गेल्यावर शाळेचा दाखला एक सांगतो आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला दुसरं, मग मुलगी मैदानात उतरण्याआधीच परत येते. तेव्हा वही सुरू करतानाच आपल्या प्रत्येक मुलीचा जन्मदाखला मागवून तारीख जुळवून घ्या. पाचवी-सहावीत हे काम सोपं असतं. दहावीच्या तोंडावर फार कटकटीचं होतं.

२००३-०४ च्या तुकडीचं पान उघडा आणि विश्वचषकाच्या जागी काहीही लिहू नका. हा विश्वचषक २०२० मध्येच भारतात व्हायचा होता. डिसेंबर २०१९ मध्ये त्या तयारीसाठी मुंबईत स्वीडन आणि थायलंडच्या मुलींबरोबर तिरंगी स्पर्धाही झाली. मग कोरोना आला. स्पर्धा आधी २०२१ वर ढकलली आणि शेवटी रद्दच झाली. भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं, पण तोवर त्या मुलींचं वय उलटून गेलं होतं. घरच्या मैदानावर विश्वचषक खेळण्यासाठी घाम गाळलेल्या या तुकडीच्या नावावर त्या स्पर्धेत ना हार, ना जीत. ही कोरी जागा राखून ठेवा. शेऱ्यात फक्त ‘स्पर्धा रद्द’ एवढंच लिहा. आमच्या मुलींनी सगळ्यात जास्त प्रश्न या पानावर विचारले आहेत.

आता २०२२. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं होतं, म्हणजे स्पर्धा भारतात होते की नाही हेच टांगणीला लागलं होतं. २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि ११ ऑक्टोबरला पहिला सामना झाला. सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत होते. भारताचे तिन्ही भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर. प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनर्बी, कर्णधार झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उराँव. आमच्या मुलींना हे नाव पाठ आहे. अस्तमचा आदिवासी पट्टा आणि आपला सातपुडा यांत त्यांना फार अंतर वाटत नाही.

हे तीन सामने वहीत लिहिताना हाफटाइमचा रकाना रिकामा सोडू नका. तोच सगळं सांगतो. ११ ऑक्टोबर, अमेरिका : हाफटाइमला ०-५, शेवटी ०-८. १४ ऑक्टोबर, मोरोक्को : हाफटाइमला ०-०, शेवटी ०-३. १७ ऑक्टोबर, ब्राझील : हाफटाइमला ०-२, शेवटी ०-५. आता वरून खाली वाचा. पहिल्या ४५ मिनिटांत अमेरिकेने पाच गोल केले. तीनच दिवसांनी याच मुलींनी मोरोक्कोला अख्खा पहिला डाव रोखून धरलं. ब्राझीलविरुद्धही ८५ मिनिटांपर्यंत तीनच गोल झाले होते, शेवटचे दोन अगदी अखेरीस गेले. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यात संघ बराच वेळ टिकत होता आणि दम संपल्यावर सुटत होता. बचावाची शिकवणी, दम, आणि गोलसमोर पोचल्यावरची घाई, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ‘सोळा गोल’ म्हटलं की तिन्ही एकात मिसळतात. माझ्याकडची आठवीतली एक मुलगी मॅच संपली की पहिला प्रश्न तोच विचारायची, “मॅडम, कितला गोल व्हयनात?” आता ती आधी हाफटाइमचा विचारते.

मोरोक्कोच्या ओळीसमोर आणखी एक शेरा लिहा : त्यांचाही हा पहिलाच विश्वचषक होता. अमेरिका आणि ब्राझील यांच्याशी तुलना करून काही शिकण्यासारखं थोडंच असतं, ते फार पुढे आहेत. आपल्याइतकाच नवखा संघ दुसऱ्या डावात तीन गोल कसे करतो, हे मात्र नीट बघण्यासारखं आहे. त्या स्पर्धेचा अंतिम सामना नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर ३० ऑक्टोबरला झाला. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तेही कोलंबियाच्या स्वयंगोलामुळे. जगातले दोन उत्तम संघ, आणि निर्णय एका चुकीच्या पायामुळे. हे मुलींना दाखवायलाच हवं.

स्पर्धेच्या रकान्यात दर्जा लिहायला विसरू नका. मी अक्षरं वापरते : ‘वि’ विश्वचषक, ‘आ’ आशियाई मुख्य स्पर्धा, ‘पा’ पात्रता, ‘द’ दक्षिण आशियाई, ‘मै’ मैत्रीपूर्ण. बेरीज करताना ही अक्षरं कधी एकत्र करायची नाहीत. मैत्रीपूर्ण सामन्यात कोच मुद्दाम नव्या मुली उतरवतो आणि भराभर बदल्या करतो. २०२२ च्या तुकडीला स्पर्धेआधी इटली आणि नॉर्वेला नेलं होतं ते शिकण्यासाठी. तिथले निकाल विश्वचषकाच्या बेरजेत घातले तर हिशेब खोटा होतो. आणि विश्वचषकाच्या ओळीसमोर ‘यजमान म्हणून प्रवेश’ हेही लिहा, कारण ते खरं आहे. आपण तिथे पात्रता जिंकून गेलो नव्हतो.

दक्षिण आशियाई पानं उघडली की चित्र एकदम वेगळं दिसतं. इथे आपला खरा सामना बांगलादेशशी असतो. २०१७ मध्ये ढाक्यात १५ वर्षांखालील गटाच्या अंतिम सामन्यात बांगलादेश १-० ने जिंकला. २०१८ मध्ये थिंफूला भारताने तीच फेरी १-० ने जिंकली. २०१९ मध्ये पुन्हा थिंफू, पुन्हा हेच दोन संघ, गोलशून्य बरोबरी आणि पेनल्टीवर भारत ५-३. इथे लिहिण्याचा नियम लक्षात ठेवा. पेनल्टी शूटआऊटवर ठरलेला सामना नोंदीत बरोबरीच धरतात. स्कोअर ०-० लिहायचा आणि शेऱ्यात ‘पेनल्टीवर ५-३, विजेते भारत’. शूटआऊटमधले गोल खेळाडूच्या नावावर चढवायचे नाहीत.

या नियमाची खरी परीक्षा ८ फेब्रुवारी २०२४ च्या ओळीवर होते. ढाका, १९ वर्षांखालील सॅफ, अंतिम सामना. शिबानी देवीने आठव्याच मिनिटाला भारताला पुढे नेलं, ९० मिनिटं उलटल्यावर इंज्युरी टाइममध्ये बांगलादेशने बरोबरी केली. शूटआऊट सुरू झालं आणि संपेचना. दोन्ही संघांच्या अकराच्या अकरा खेळाडूंनी, गोलकीपरसकट, पेनल्टी मारली आणि सगळ्यांनी गोल केले : ११-११. मग सामनाधिकाऱ्यांनी नाणेफेक केली. कौल भारताच्या बाजूने पडला, बांगलादेशने हरकत घेतली, मैदानावर बराच वेळ गोंधळ झाला आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेते जाहीर केलं. वहीत काय लिहाल? स्कोअर १-१. शेरा : ‘पेनल्टी ११-११, संयुक्त विजेते’. ‘भारत विजयी’ लिहू नका, त्या रात्री सुरुवातीला तसं जाहीर झालं असलं तरी. आमच्याकडे यावर मुलींची जोरदार भांडणं झाली, आणि मला ती फार आवडली. बावीस मुलींनी ओळीने बावीस पेनल्ट्या गोलात घालणं ही गोष्ट त्यांना नाणेफेकीपेक्षा जास्त लागली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेनल्टीचा सराव करत होत्या.

प्रत्येक साखळी स्पर्धेसाठी गुणतक्त्याचं छोटं पान जोडा, नाहीतर निकाल चुकीचे वाचले जातात. विजयाचे ३ गुण, बरोबरीचा १. मार्च २०२२ मध्ये जमशेदपूरला १८ वर्षांखालील सॅफमध्ये भारत, बांगलादेश आणि नेपाळ असे तीनच संघ होते. शेवटचा सामना भारत बांगलादेशकडून ०-१ हरला. दोघांचे गुण सारखे झाले, पण आधीच्या सामन्यांत गोल जास्त केल्यामुळे गोलफरकावर विजेतेपद भारताचं. ऑगस्ट २०२५ मध्ये थिंफूला १७ वर्षांखालील स्पर्धेतही शेवटचा सामना बांगलादेशकडून ३-४ हरलो, आणि विजेते आपणच, कारण आधीचे पाचही सामने जिंकून १५ गुण खिशात होते. नुसती शेवटची ओळ वाचणाऱ्याला दोन्ही वेळा ‘भारत हरला’ एवढंच दिसेल. गोलफरक पाचवीच्या मुलीलाही काढता येतो : केलेल्यातून खाल्लेले वजा. आमच्या गणिताच्या बाई ऋण संख्या शिकवायला हेच तक्ते नेतात.

मग २०२५ ची पात्रता. ही पानं निवांत लिहा, वहीतली सगळ्यात चांगली पानं आहेत. ऑगस्टमध्ये म्यानमारच्या यांगूनमध्ये २० वर्षांखालील मुलींचे सामने : इंडोनेशियाशी ०-०, तुर्कमेनिस्तानवर ७-०, यजमान म्यानमारवर १-०. गोल पूजाचा, २७ व्या मिनिटाला, आणि उरलेला तासभर तो सांभाळला. या वयोगटाच्या आशियाई मुख्य स्पर्धेत भारत २००६ नंतर पहिल्यांदा पोचला. ऑक्टोबरमध्ये किरगिझस्तानच्या बिश्केकमध्ये १७ वर्षांखालील मुलींनी यजमानांना २-१ आणि उझबेकिस्तानला २-१ हरवलं. उझबेकिस्तानविरुद्ध हाफटाइमला ०-१ मागे होतो. ५५ व्या मिनिटाला थंडामणी बास्केने बरोबरी केली आणि ६६ व्या मिनिटाला अनुष्का कुमारीने विजयी गोल मारला. या वयोगटाच्या आशियाई मुख्य स्पर्धेतही, २०२६ च्या चीनमधल्या, भारत तब्बल वीस वर्षांनी पोचला, आणि पात्रता फेरी जिंकून तर पहिल्यांदाच. दोन्ही संघांचे प्रशिक्षक तेव्हा स्वीडनचेच योआकिम अलेक्झांडरसन होते. हाफटाइमच्या रकान्यातला ०-१ आणि त्याच्या शेजारचा २-१ हे दोन आकडे मुलींना बोट ठेवून वाचायला लावा.

आता सगळी वही पुढ्यात घेऊन एकच गोष्ट मोजा : प्रत्येक तुकडीच्या नावावर ‘मै’ सोडून किती सामने आहेत. गोल नंतर मोजा. बिश्केकला जाण्याआधी दीड-दोन महिन्यांपूर्वी याच मुली थिंफूला सहा खरे सामने खेळून आल्या होत्या. २०२२ च्या तुकडीला आशियाई पात्रतेची तशी घुसळण मिळाली नव्हती, यजमानपदाने त्या थेट विश्वचषकात गेल्या. माझं ठाम मत आहे की कलिंगावरचा तो पहिला डाव प्रतिभेच्या कमतरतेने गेला नाही. अटीतटीचे सामने पुरेसे खेळायला मिळाले नाहीत म्हणून गेला. वाटल्यास विश्वविजेत्यांचं एक पान करा. २००८, २०१६, २०२४ आणि २०२५ उत्तर कोरिया, २०१० दक्षिण कोरिया, २०१२ फ्रान्स, २०१४ जपान, २०१८ आणि २०२२ स्पेन. नऊपैकी सहा वेळा आशियातला देश! म्हणजे आशियाची पात्रता फेरी ही जगातल्या सगळ्यात अवघड दारांपैकी एक आहे, हे त्या पानावरून मुलींना आपोआप कळतं.

वही उलटी करा आणि मागच्या बाजूने आपल्या शाळेच्या संघाची पानं सुरू करा. तेच रकाने, तीच शिस्त. इथे एक रकाना वाढवा : ‘हजर’. दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, आणि त्याच सुमारास कापूस वेचणीही असते. गोलकीपर नसताना खाल्लेले पाच गोल आणि ती असताना खाल्लेले पाच गोल एकसारखे नाहीत. रकाना भरलात की संघ का हरला, हे मुलीला ओरडा बसण्याआधी दिसतं.

आणि सामने मोजा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायरीने आणि बाद पद्धतीने होतात. तालुक्याला पहिली मॅच हरली की वर्षाचा फुटबॉल संपला. आमच्या वहीत काही वर्षांच्या पानांवर एकच ओळ आहे. यावर उपाय हाताशी आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आसपासच्या चार शाळा गाठा. चार संघ बाद पद्धतीने खेळले तर तीनच सामने होतात आणि दोन संघ एकेक मॅच खेळून घरी जातात. तेच चार संघ साखळीने खेळले तर सहा सामने होतात आणि प्रत्येक मुलीला तीन मिळतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक सामना, आळीपाळीने प्रत्येक शाळेच्या मैदानावर. जाण्यायेण्याला काळी-पिवळी किंवा एखाद्या पालकाची पिकअप. चुन्याची एक गोणी चारही शाळांत पुरते. मैदान नाहीच असं म्हणू नका, बाजार समितीचं मोकळं आवार किंवा खळ्याची जागा चालते. काळ्या मातीच्या भेगा मात्र आधी बुजवून घ्या, पाय मुरगळतात. साखळी ऑगस्ट-सप्टेंबरात उरकून घ्या, वेचणी आणि ऊसतोड सुरू व्हायच्या आत. पाऊस आला तर सामना रद्द करू नका, पुढच्या शनिवारवर टाका आणि वहीत नवी तारीख लिहा. प्रत्येक सामन्याला दोन मुली वही घेऊन रेषेबाहेर बसवा, एक मिनिटं बघेल, दुसरी लिहील. पुढच्या सामन्याला दुसऱ्या दोघी बसतील.